शाळेत गुणी, घरात थकलेली

ज्या मुलीबद्दल शाळेतून कधीच तक्रार येत नाही, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वर्गातून उठून पळणाऱ्या, बाकावर डोकं आपटणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना निदान बोलावणं तरी येतं. गप्प बसणाऱ्या, वह्या नीटनेटक्या ठेवणाऱ्या, बाईंनी काही विचारलं तर मान डोलावणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत आणि आज्ञाधारक' असा शेरा पडतो आणि सगळे निर्धास्त होतात. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षं असेच शेरे होते. ती अकरा वर्षांची असताना तिला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार, असल्याचं निदान झालं, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिकांनी मला पहिल्यांदा विचारलं ते असं: "नक्की हिलाच?"

त्यांना दिसत होती ती मुलगी खोटी नव्हती, पण अर्धीच होती. उरलेली अर्धी घरी यायची. दार बंद झालं की दप्तर तिथेच पडायचं. चटके बसत असल्यासारखे मोजे ओरबाडून निघायचे. मग धाकट्या भावाने शिट्टी वाजवली, कुणी "हात धुऊन घे गं" म्हटलं, ताटातले दोन पदार्थ एकमेकांना लागले, एवढं निमित्त पुरायचं. रडणं, कानांवर हात, टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसणं. संध्याकाळ सरेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि निघाला की पहिला प्रश्न असायचा, "उद्या पण शाळा आहे ना?"

जवळची माणसं म्हणायची, शाळेत नीट वागते म्हणजे तिला जमतं की; घरी लाडावली आहे. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, आणि अशा मुलींच्या आयांशी बोलताना त्यांनीही ते इतक्यांदा ऐकलेलं असतं, की त्याचं उत्तर इथे लिहून ठेवावंसं वाटतं. तिला शाळेत जमायचं, कारण तिच्याकडचं सगळं ती तिथेच खर्च करून यायची. शाळेचा दिवस ती श्वास रोखून पाण्याखालून पोहत काढायची आणि घरी पोचल्यावर डोकं पाण्याबाहेर काढायची. धाप लागलेल्या माणसाला "एवढा मोठा श्वास का घेतोस" असं आपण विचारत नाही.

हट्ट वेगळा आणि मेल्टडाउन वेगळा, हे ओळखायला शिकलं की घरातल्या निम्म्या भांडणांचं कारणच उरत नाही. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं. ते अधूनमधून डोळे किलकिले करून बघतं की समोरचा वितळतोय का, आणि हवं ते मिळालं की शांत होतं. मेल्टडाउनमध्ये मुलाला काहीच नको असतं. प्रकाश, आवाज, स्पर्श, प्रश्न, बदललेला बेत हे सगळं दिवसभर साचत आलेलं असतं आणि मेंदू आणखी काही घ्यायला नकार देतो. त्या वेळी समजूत घातली तर ते वाढतं, कारण आपले प्रेमाचे शब्दसुद्धा कानांवर येणारा आणखी एक आवाजच असतो. दिवे मंद करायचे, भावाला दुसऱ्या खोलीत न्यायचं, जवळ बसायचं पण हात लावायचा नाही, बोलायचं नाही. एवढं करायला फारसं कौशल्य लागत नाही. काहीतरी करून दाखवण्याची आपली घाई तेवढी आवरावी लागते.

निदानाच्या काही दिवस आधी तिच्या कच्च्या वहीची शेवटची पानं माझ्या पाहण्यात आली. तिने स्वतःसाठी नियम लिहून ठेवले होते. कुणी 'काय गं' म्हटलं तर 'काही नाही गं' म्हणायचं. सगळ्या हसल्या की हसायचं, पण सगळ्यांत शेवटी थांबणारी आपण असता कामा नये. एकीला दोन प्रश्न विचारले की तिसरा विचारायचा नाही, तिसऱ्याला त्या कंटाळतात. खेळात घेतलं नाही तर वाचनालयात जायचं, म्हणजे आपणच गेलो असं वाटेल. अक्षर सुबक होतं आणि खाडाखोड जवळजवळ नव्हती. इतर मुलींना जे वाऱ्यावरून कळतं, ते तिने निरीक्षण करून, प्रयोग करून, शब्दात मांडून मिळवलं होतं. कुठल्याही परीक्षेत तिला पडलेल्या गुणांपेक्षा ती दोन पानं मला मोठी वाटतात. आणि तितकाच मला त्यांचा त्रासही होतो. एवढी हुशारी एका लहान मुलीने फक्त लपून राहण्यासाठी वापरली होती.

या लपण्याला अभ्यासक मास्किंग किंवा कॅमोफ्लाजिंग म्हणतात. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ९२ ऑटिस्टिक प्रौढांना याबद्दल विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे का करता, तर इतरांत मिसळता यावं आणि नाती जुळावीत म्हणून. याने काय होतं, तर विलक्षण थकवा येतो. आणि आपण खरे कोण आहोत हे आपल्यालाच समजेनासं होतं. यातला दुसरा परिणाम आईला जास्त घाबरवतो. थकवा झोपेने भरून निघतो. पण पंधरा-वीस वर्षं दुसऱ्याचं हसू हसलेल्या बाईला स्वतःचं हसू कुठून आणून द्यायचं?

मुलींचं निदान उशिरा होतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण असं की पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चित्रच मुलाचं होतं. दर मुलीमागे चार मुलगे असं प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. अलीकडच्या, जास्त काटेकोर अभ्यासांमध्ये ते तिनाच्या जवळ येतं. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली ज्या चार मुलांचं सविस्तर वर्णन केलं, ते चारही मुलगे होते, आणि हे चित्र पूर्णपणे दिसावं अशी मुलगी आपल्याला भेटली नाही असं त्यांनी लिहिलं. पण त्यांच्या कितीतरी आधी, सोव्हिएत संघात काम करणाऱ्या ग्रून्या सुखारेवा या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी अशाच सहा मुलग्यांवर लिहिलं होतं, १९२५ मध्ये रशियनमध्ये आणि पुढच्या वर्षी जर्मनमध्ये. आणि १९२७ मध्ये त्यांनी मुलींवरही लिहिलं. बघणारीने बघितलं होतं. ते मागे पडलं आणि माझ्या मुलीच्या आजीच्या, पणजीच्या पिढीतल्या कितीतरी जणी 'तऱ्हेवाईक', 'घुमी', 'अति हळवी' अशी लेबलं घेऊन जगल्या.

निदानानंतर सल्ले फार आले. डोळ्यांत बघून बोलायला शिकवा. गर्दीत न्या, सवय होईल. हात हलवते ते बंद करा, लोक बघतात. सल्ला देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना तिचं भलंच हवं असतं. पण नीट पाहिलं तर या सगळ्या सल्ल्यांचा अर्थ एकच: ती जे आधीच जीव तोडून करत होती, ते आणखी चांगलं करायला शिकवा. तिला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "मी डोळ्यांत बघते तेव्हा मला ऐकू येत नाही, आणि ऐकते तेव्हा बघता येत नाही. तुला दोन्हींपैकी काय हवंय?" मला तिने ऐकायला हवं होतं. आमच्या घरात तो विषय तिथे संपला.

एका गोष्टीवर मात्र माझं मत अजिबात मऊ नाही. ज्या मुलीला आपण रोज शिकवतो की नको वाटलं तरी हसून घे, अंगाला टोचलं तरी दाखवू नकोस, मिठी आवडत नसली तरी मोठ्यांचं मन मोडू नकोस, तिला आपण 'नको' म्हणायला कधी शिकवणार? शब्दांवर विश्वास ठेवणारी आणि समोरच्याचा अंतःस्थ हेतू चटकन न ओळखणारी मुलगी तशीही जास्त धोक्यात असते. मैत्रीण म्हणवणारी एखादी फक्त गृहपाठासाठी जवळ येते आहे, हे तिला उशिरा कळतं. अशा मुलीच्या मनातली अस्वस्थता ही तिची राखण करणारी गोष्ट आहे, आणि तीच आपण शिष्टाचाराच्या नावाखाली दाबून टाकायला लावतो. म्हणून आमच्याकडे मिठीआधी विचारलं जातं, आजी-आजोबासुद्धा विचारतात, आणि ती 'नको' म्हणाली तर कुणी तोंड पाडत नाही. खोटं न बोलता नकार कसा द्यायचा, कुणी पुन्हा पुन्हा आग्रह केला तर तिथून कसं निघायचं, ही वाक्यं मात्र आम्ही खरोखर पाठ केली, मोठ्याने म्हणून पाहिली. रस्ता ओलांडणं शिकवतो तितक्याच गंभीरपणे.

घरातही पुष्कळ बदललं. सगळ्यांत जास्त आमचं बोलणं बदललं. "जरा खोली आवर ना" या वाक्यात तिच्या हाती लागण्यासारखं काही नसतं. पुस्तकं फळीवर, कपडे टोपलीत, पलंगावर काही नको, असं सांगितलं की काम होतं, आणि आपण काही सांगितलं तर ते तिला जमतं हेही तिला दिसतं. "पाच मिनिटांत निघू" म्हटलं की ती सहाव्या मिनिटाला बूट घालून दारात उभी असायची आणि आम्ही अजून पाकीट शोधत असायचो. तिच्या लेखी ती फसवणूक होती. आता आम्ही वेळ सांगतो, ती बदलणार असेल तर बदलल्याचं आधी सांगतो. शाळेतून आल्यावर तिला कुणी काही विचारत नाही. "आज काय काय झालं" हा प्रश्न तर मुळीच नाही. खोलीत अंधार करून ती झोपाळ्यासारखी पुढे-मागे झुलत बसते आणि मग आपली आपण बाहेर येते. कपड्यांची आतली लेबलं कापलेली असतात. भूक लागलेली तिला कळत नाही, फक्त चिडचिड कळते, कारण शरीराच्या आतून येणारे इशारे अशा काही जणांपर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणून खाणं भुकेवर न ठेवता घड्याळावर ठेवलं. असं जगू लागल्यापासून तिच्या धाकट्या भावाचंही बरं चाललं आहे. काय अपेक्षित आहे हे स्पष्ट सांगितलेलं कुठल्या मुलाला नको असतं?

या मुलांना इतरांच्या भावना समजत नाहीत, हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं असतं की त्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझ्या मुलीचा जीव लिफ्टमध्ये अडकलेला आहे. लहानपणी ती बटणांसाठी हट्ट धरायची असं नव्हे, यंत्र वर कसं जातं ते तिला हवं होतं. लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक शोधणाऱ्या एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात उंच फलाटावर स्वतः उभं राहून वरचा दोर कापायला लावला आणि फलाट थोडासा घसरून जागीच थांबला, हे तिने मला सांगितलेल्या कथांपैकी सर्वांत लाडकं प्रकरण आहे. वेग मर्यादेपलीकडे गेला की गव्हर्नर नावाचा भाग कसा सुटतो आणि बाजूच्या रुळांना ब्रेक कसा चिमटीत पकडतो, हे ती डोळे मिटून रेखाटते.

माझी आई एकदा लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे अडकली. बाहेर आली तेव्हा थरथरत होती, आणि त्या दिवसापासून गुडघे दुखत असताना जिन्यानेच जाऊ लागली. आम्ही सगळ्यांनी तिला धीर दिला. काही होत नाही, आम्ही आहोत ना, मनातून काढून टाक. आठवडे गेले, काही उपयोग झाला नाही. मग एका दुपारी माझी मुलगी कागद-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, तुला दोर तुटण्याची भीती वाटते की आत अडकण्याची? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत."

आजी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "अडकण्याची." तर तिने ओटिसचा एक शब्द काढला नाही, जो तिचा सगळ्यांत आवडता विषय आहे. दार नीट लागल्याची खूण मिळाली नाही की लिफ्ट स्वतःहून थांबते, म्हणजे थांबलेली लिफ्ट बहुतेक वेळा काळजीच घेत असते. आत हवा येत राहते. दार ओढाताण करून उघडायचं नाही, घंटेचं बटण दाबायचं आणि थांबायचं, हे तिने आकृती काढून सांगितलं. मग विचारलं, "आता एक मजला माझ्याबरोबर येतेस? नको असेल तर नको." आजी गेली.

तिने आजीच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. पण आजीला नेमकी कशाची भीती वाटते, हे आम्हा सगळ्यांत तिलाच विचारावंसं वाटलं. माया करण्याची तिची ही रीत आहे: आधी माहिती काढायची, मग द्यायची. जो ती रीत ओळखत नाही, त्याला ती कोरडी वाटणार.

स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली हेच मांडलं. समजण्यातली अडचण एका बाजूची नसते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं जसं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही, फक्त दोष एकाच्या माथी लागतो. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पडताळून पाहिलं. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच कुणीच ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. ती जास्त विरली, ती मिश्र साखळीत. हे वाचल्यावर मी तिला तिच्यासारख्या मुलींशी भेटण्याची सोय शोधून दिली. तिथे त्या दोघी-तिघी जणी शेजारी शेजारी बसून आपापल्या विषयावर बोलत असतात, एकमेकींकडे न बघता, आणि घरी आल्यावर ती टेबलाखाली जात नाही.

तिला तिच्या निदानाबद्दल आम्ही लगेच सांगितलं होतं. कित्येक पालक थांबतात आणि त्यांची काळजी मला समजते, पण मुलाला आपण वेगळे आहोत हे आधीच कळलेलं असतं; नाव दिलं नाही तर ते स्वतःच नाव शोधतं, आणि ती नावं 'मूर्ख', 'वाईट', 'बिघडलेली' अशी असतात. तिच्या अहवालावर जुन्या वर्गीकरणातलं नाव होतं. इंग्लंडच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ साली ते प्रचारात आणलं. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि ऑटिस्टिक मुलीची आईही होत्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-नियमावलीत ते १९९४ मध्ये आलं, २०१३ मध्ये ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये विलीन झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही वेगळं राहिलं नाही. ज्यांनी तरुणपणी हे नाव मिळवून सुटकेचा श्वास सोडला, ते आजही अभिमानाने ते वापरतात आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

माझ्या मुलीने मात्र ते सोडलं. चौदाव्या वर्षी तिने अ‍ॅस्पर्गर यांच्याबद्दल वाचायला घेतलं. इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसतं की नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्गर यांनी काही अपंग मुलांना व्हिएन्नाच्या श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. तिथे जवळपास ८०० मुलं मरण पावली, त्यांतली कितीतरी मारली गेली. त्यांनी पाठवलेल्यांत हर्टा नावाची एक मुलगी होती. हे मूल आईला असह्य ओझं होत असणार, असं त्यांनी कागदावर नोंदवलं. १९४१ च्या सप्टेंबरात, तिसरा वाढदिवस झाल्यावर लगेच, ती तिथे मरण पावली.

मुलीने ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "मी ओझं आहे का?" तिला गुळमुळीत उत्तर चालत नाही, आणि खोटं तर चालतच नाही. मी म्हटलं, "काही दिवस मी फार थकते. तू ओझं नाहीस. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." तिने बराच वेळ ते तपासलं. मग म्हणाली, "ठीक. मी ऑटिस्टिक म्हणणार. त्याचं नाव नको." आणि पुस्तक मिटून जेवायला आली.

तो थकवा मी लपवत नाही. ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्या नावाजलेल्या बालतज्ज्ञांनी थंड आयांमुळे मुलं अशी होतात असं सांगत पिढ्यान्‌पिढ्या बायकांना दोषी ठरवलं; १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला, तरी ती कुजबुज अजून पुरती थांबलेली नाही. थकलेल्या आईला विश्रांती मिळाली पाहिजे, चौकशी नको. आमच्या घरात हे तिच्या बाबांना सांगावं लागलं नाही, एवढं माझं भाग्य. संध्याकाळची सगळ्यांत अवघड वेळ ते बघतात.

आता ती सोळा वर्षांची आहे आणि नव्या कॉलेजात जाणार आहे. तिथल्या शिक्षकांना पत्र लिहायचं होतं. मी बसले तर तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. तिने लिहिलं की वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. माझी नजर खिडकीकडे असेल तेव्हा मी ऐकत असते. तोंडी सांगितलेल्या सूचना लिहूनही द्या. मी वर्गाबाहेर गेले तर दहा मिनिटांत परत येईन, मागे कुणाला पाठवू नका. मी ठीक दिसते तेव्हा ठीक असतेच असं नाही, म्हणून विचारा, आणि विचारलंत तर मी खरं सांगेन. तिच्या बाबांनी शेवटी 'आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व' असं घालायचं सुचवलं. तिने विचारलं, "कसला त्रास?" ते वाक्य पत्रात आलं नाही.

कॉलेजकडून दोन ओळींचं उत्तर आलं. सगळं शक्य आहे, फक्त प्रयोगशाळेतले गट कधीकधी ऐनवेळी बदलतात, तेव्हा फोन कुणाला करायचा? तिने लिहिलं: मला. आईला मी नंतर सांगेन.